‘दमयंती स्वयंवर’मधला हंस : पकडला, सोडला आणि परत आला!

आमची आत्या पोळ्या लाटताना श्लोक म्हणायची. शिक्षण जुन्या सातवीपर्यंत, तेही बेळगावात. पण रघुनाथ पंडितांच्या ‘दमयंती स्वयंवरा’तला हंसाचा भाग तिला पाठ होता. राजाच्या मुठीत सापडलेला हंस आपल्या म्हाताऱ्या आईबद्दल बोलायला लागला की आत्याचा आवाज जरा खाली यायचा. आम्ही पोरं विचारायचो, ‘मग पुढं काय झालं?’ ती म्हणायची, ‘पुढं काय, सोडलं त्याला राजानं.’ आणि तिथं गोष्ट संपायची. कारण तिच्या पुस्तकातला उतारा तिथंच संपत होता.

अनेकांची या कवितेशी ओळख अशीच आहे. शाळेत हंसाचा विलाप वाचला, करुणरस कुठला ते लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला. पण पूर्ण काव्य हातात घेतलं की लक्षात येतं, खरी गंमत ‘सोडलं त्याला’ याच्या पुढे आहे. सुटलेला हंस स्वतःहून परत येतो. कुणी बोलावलेलं नसतं, आधी काही ठरलेलं नसतं. तो का येतो, हे समजलं तर ही कविता समजली.

कविता कुणाची, गोष्ट कुठली?

गोष्ट मुळात महाभारताच्या वनपर्वातली. द्यूतात सगळं हरून पांडव वनात आले आहेत आणि ‘माझ्याइतका दुर्दैवी राजा कोण झाला असेल?’ असं युधिष्ठिराला वाटतंय. तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला नळराजाची कथा सांगतात. हेच ते नलोपाख्यान.

पुढे बाराव्या शतकात कनौजच्या दरबारातला कवी श्रीहर्ष याने या कथेच्या पूर्वार्धावर ‘नैषधीयचरित’ हे २२ सर्गांचं संस्कृत महाकाव्य लिहिलं. मराठीतल्या रघुनाथ पंडितांनी त्याच वाटेने जाऊन ‘नल-दमयंती स्वयंवराख्यान’ रचलं. हे रघुनाथ पंडित नेमके कोण, यावर अभ्यासकांमध्ये जुना वाद आहे. एका मताने ते शिवकालातले पंडितराव, तर दुसऱ्या मताने तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंधित कवी. वामन पंडित, मोरोपंत यांच्यासारखेच ते ‘पंडित कवी’. म्हणजे संस्कृतातली गणवृत्तं मराठीत सहज चालवणारे.

आता नकाशा बघा. नळ हा निषध देशाचा राजा. परंपरेने त्याचा संबंध नरवरशी जोडला जातो. नरवर म्हणजे जुनं नलपूर. आधी ते ग्वाल्हेर संस्थानात होतं, आज मध्य प्रदेशच्या शिवपुरी जिल्ह्यात आहे. दमयंती विदर्भाची. तिचं कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचं अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, असं मानतात. रुक्मिणीचं माहेरही तेच. म्हणजे परंपरा धरून चाललं तर हा हंस आजच्या हिशेबाने एका राज्यातून उडतो आणि दुसऱ्या राज्यात उतरतो. तेव्हा मध्ये कुठला नाका नव्हता!

हंस नेमकं काय बोलतो?

प्रसंग असा. दमयंतीचं वर्णन ऐकून नळाला चैन पडेना, म्हणून तो उपवनात येतो. तळ्याकाठी सोनेरी हंस एका पायावर उभा, मान पंखात खुपसून झोपलेला. राजा पाय न वाजवता जातो आणि त्याला धरतो. हंस तडफडतो. बाकीचे पक्षी कलकलाट करत उडून जातात. सुटका होत नाही म्हटल्यावर तो माणसासारखा बोलू लागतो.

शाळेतल्या उताऱ्यामुळे आपल्या मनात राहतं ते फक्त रडणं. पण हंस नुसता रडत नाही. श्रीहर्षाच्या काव्यात तो राजापुढे रीतसर बाजू मांडतो. ते मुद्दे क्रमाने पाहू.

पहिला मुद्दा लोभाचा. माझे पंख सोन्याचे म्हणून तुझं मन चळलं का? तुझ्यासारख्या राजाच्या खजिन्यात माझ्या चिमूटभर सोन्याने काय भर पडणार? समुद्रात दवाचे थेंब पडून समुद्र वाढतो का?

दुसरा मुद्दा विश्वासघाताचा, आणि तो सगळ्यात धारदार आहे. तुला पाहून मी निर्धास्त होतो, कारण तू राजा. भरवसा ठेवलेल्याला मारणं ही नुसती हत्या नाही, तिचं पाप जास्त.

तिसरा मुद्दा पराक्रमाचा. पावलोपावली झुंजार योद्धे आहेत. हात शिवशिवत असतील तर त्यांच्याशी लढ. माझ्यासारख्या गरीब पाखराला मारून कुठला पुरुषार्थ मिळणार? हा मुद्दा रघुनाथ पंडितांनी मराठीत असा काही उतरवला, की जुन्या पिढीतल्या माणसांना आजही तो भाग अर्ध्या झोपेत म्हणता येतो.

चौथा मुद्दा न्यायाचा. पाण्यातली कंदमुळं, फळं खाऊन आम्ही ऋषीसारखे जगतो. कुणाचं काही घेत नाही. अशांना शिक्षा करणारा राजा कसला?

आणि मग शेवटी येते ती आई. आई म्हातारी, मी एकुलता एक. बायको नुकतीच बाळंत झालेली. दोघींचा भार माझ्यावर. मराठी कवी इथं संस्कृतातला ‘नवप्रसूत’ हा शब्द घेऊन थांबत नाही. आईला उडता येत नाही आणि बायकोच्या बाळंतपणाला जेमतेम सात दिवस झालेत, असा घरगुती हिशेब तो सांगतो. ‘नवप्रसूत’ म्हटलं की अर्थ कळतो. ‘सात दिवस’ म्हटलं की बाळंतिणीची खोली, शेगडी, धुरी सगळं डोळ्यांसमोर येतं. आत्याचा आवाज खाली जायचा तो इथेच.

क्रम लक्षात घ्या. आधी जाब, मग गाऱ्हाणं. ज्याची मान दुसऱ्याच्या मुठीत आहे, तो आधी मुठीच्या मालकाला ‘तू चुकतोयस’ असं सांगतो. दयेची भाषा नंतर येते. उतारा छोटा केला की हा क्रम हरवतो आणि हंस उगाच केविलवाणा होतो.

सुटका दोन प्रकारची

आता मुख्य फरक. महाभारतातला हंस काय म्हणतो? ‘राजा, मला मारू नकोस. मी तुझं काम करीन. दमयंतीजवळ तुझं असं वर्णन करीन की तिला दुसरा पुरुष सुचणार नाही.’ हे ऐकून नळ त्याला सोडतो. इथं देवाणघेवाण आहे. काम आधी ठरलं, सुटका नंतर झाली. मूळ कथा वेगाने पुढे जाते, तिला थांबायला वेळ नाही.

श्रीहर्षाने हा सौदा काढून टाकला. त्याचा हंस सुटण्यासाठी काहीच देऊ करत नाही. राजाला दया येते आणि तो हात मोकळा करतो, बस. हंस आपल्या माणसांत, म्हणजे आपल्या पाखरांत जातो. पिसं नीट करतो. आणि मग परत येऊन त्याच राजाच्या हातावर बसतो. रघुनाथ पंडितही याच वाटेने जातात.

परत आलेला हंस राजाला जे म्हणतो, त्याचा मतितार्थ असा : राजांना शिकार वर्ज्य नाही. धर्मशास्त्र जाणणारेही तिला दोष देत नाहीत. म्हणजे कायदा तुझ्या बाजूने होता. तरी तू मला सोडलंस. म्हणून आता मला तुझ्यासाठी काही करायचं आहे.

थोडं थांबून विचार करू. पकडलेला असताना हंस म्हणत होता, ‘हा अन्याय आहे.’ सुटल्यावर म्हणतो, ‘तुला अधिकार होता.’ हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? खरं आहे. अधिकार असतो, तेव्हाही तो वापरायचा की नाही हे आपल्या हातात असतं. नळाने न वापरलेला अधिकार हीच त्याची ओळख झाली. सावकार, साहेब, घरमालक, सासू, ज्याच्या ज्याच्या मुठीत कुणाची तरी मान असते, त्या प्रत्येकाला हा हंस ओळखीचा वाटेल.

दमयंतीने हंसावर भरवसा का ठेवावा?

सौदा काढल्याने आणखी एक गाठ सुटते. हंस विदर्भात जातो. दमयंती मैत्रिणींबरोबर बागेत आहे. सोनेरी पक्षी पाहून ती त्याला धरायला धावते. तो हाताशी येतो न येतो तोच पुढे सरकतो. असं करत करत तो तिला मैत्रिणींपासून दूर नेतो आणि मग बोलू लागतो.

इथं कवीने प्रसंग उलटा केलाय. नळाने झोपलेल्या हंसाला धरलं होतं. दमयंती जाग्या हंसाच्या मागे धावते, तो मात्र सापडत नाही. ज्याला धरता येत नाही, त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

तो नळाची स्तुती करतो. आता प्रश्न असा, की मध्यस्थाच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा? लग्न जुळवणारी माणसं मुलाचे गुण किती वाढवून सांगतात, हे आपल्याला नवीन नाही. महाभारतातल्या हंसाने स्वतःच्या जिवाच्या बदल्यात ही स्तुती कबूल केली होती. त्यामुळे कुणी म्हणू शकेल, हा तर बांधलेला माणूस. श्रीहर्षाच्या आणि रघुनाथ पंडितांच्या हंसाबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. तो त्या हातात होता. मारलं असतं तर विचारणारं कुणी नव्हतं. त्या हाताने सोडलं. मुलगा कसा आहे, याची यापेक्षा चांगली साक्ष कोण देणार? रूप, राज्य, पराक्रम सगळे भाटही सांगतात. दुबळ्या जिवाशी हा माणूस एकटा असताना कसा वागतो, हे फक्त हंसालाच माहीत आहे.

दुसऱ्यांदा पक्षी येतात तेव्हा

रघुनाथ पंडितांचं काव्य, नावाप्रमाणेच, स्वयंवराशी थांबतं. महाभारताची कथा पुढे जाते, आणि तिथे पक्षी पुन्हा येतात. हा भाग ज्यांनी फक्त शाळेतला उतारा वाचला त्यांच्या कानावरही नसेल.

लग्नानंतर काही वर्षांनी नळाच्या अंगात कली शिरतो. तो भाऊ पुष्कर याच्याशी फासे खेळतो आणि राज्य हरतो. अंगावरच्या एका वस्त्रानिशी वनात जातो. सोबत दमयंती. कित्येक दिवस उपाशी. तेवढ्यात त्याला सोन्यासारख्या पंखांचे पक्षी दिसतात. आता खायलाही मिळेल आणि धनही, असं म्हणून तो अंगावरचं एकमेव वस्त्र सोडून त्यांच्यावर टाकतो. पक्षी ते वस्त्र घेऊनच उडतात. वर जाऊन सांगतात : आम्ही तेच फासे. तुझ्या अंगावर एवढं वस्त्र उरलं होतं, तेही आम्हाला बघवेना.

दोन्ही प्रसंगांत सोनेरी पक्षी, दोन्ही वेळा तोच नळ. पहिल्यांदा भरल्या पोटी, राजेपणात, धरलेला पक्षी सोडला तर आयुष्याची सोबत मिळाली. दुसऱ्यांदा उपाशी पोटी पक्ष्यांवर झडप घातली तर अंगावरचं वस्त्रही गेलं. कथा नळाला वाईट माणूस ठरवत नाही, भूक खरी होती. पण तोच माणूस एका दिवशी मूठ उघडू शकतो आणि दुसऱ्या दिवशी उघडू शकत नाही, हे ती शांतपणे दाखवते. द्यूतात सगळं हरलेल्या युधिष्ठिराला ही कथा सांगितली जात होती, हे विसरू नका.

हा हंस म्हणजे कोणता पक्षी?

‘हंस’ म्हटलं की आपल्यासमोर लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी येतो. त्याला राजा रविवर्म्यांचं दमयंती-हंसाचं चित्र बरंच कारणीभूत आहे. १८९९ सालचं हे चित्र पुढे कितीतरी घरांच्या भिंतीवर छापील रूपात लागलं. पण तसा हंस आपल्याकडच्या तळ्यांत नेहमी दिसणारा पक्षी नाही.

जुन्या साहित्यातला हंस म्हणजे हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब असावा, असं अनेक जाणकार मानतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, अंग राखाडी. थंडीच्या दिवसांत उजनी, जायकवाडीच्या पाण्यावर तो दिसतो. कर्नाटकात गदग जिल्ह्यातल्या मागडी तळ्यावर त्याचे थवेच्या थवे उतरतात. एका पायावर उभं राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपणं ही त्याची खरीच सवय. सोन्याचे पंख कल्पनेतले, पण झोप मात्र तळ्याकाठी बघून लिहिलेली वाटते.

शेजाऱ्यांच्या घरातही हाच हंस

सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ही कथा एकट्या मराठीची नाही. कन्नडमध्ये कनकदासांचं ‘नळचरित्रे’ आहे, भामिनी षट्पदी छंदात. बेळगाव, धारवाडकडच्या मुलांना ते कन्नडच्या तासाला भेटू शकतं. तेलुगूत श्रीनाथ कवीने पंधराव्या शतकात श्रीहर्षाचंच काव्य ‘शृंगार नैषधमु’ म्हणून आणलं. हैदराबादकरांनी शेजारच्या तेलुगू आजोबांना विचारून बघावं. गुजरातीत सतराव्या शतकातल्या प्रेमानंदाचं ‘नळाख्यान’ आहे, आणि हा प्रेमानंद वडोदऱ्याचाच. माण म्हणजे धातूचा घडा. त्यावर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यान सांगणाऱ्या माणभट्टांच्या परंपरेतला तो.

म्हणजे घरात मराठी आणि शाळेत दुसरी भाषा असलेल्या मुलाला ही कविता परकी नाही. त्याच्या दोन्ही भाषांत हा हंस बोलतो. नातवाला कन्नड किंवा गुजराती हंस माहीत असेल तर त्याच्याकडून ऐका आणि आपला मराठी हंस त्याला ऐकवा. तुलना आपोआप होईल.

वाचायची कशी?

जुनी मराठी बघून घाबरू नका. काही शब्द आधी माहीत असले की पुष्कळसं सोपं होतं. ‘मातें’ म्हणजे मला, ‘तयातें’ म्हणजे त्याला, ‘म्हणोनि’ म्हणजे म्हणून, ‘मदीया’ म्हणजे माझी. क्रियापद बऱ्याचदा ओळीच्या मध्येच येतं, म्हणून आधी क्रियापद शोधायचं आणि मग कर्ता.

दुसरी गोष्ट, मनातल्या मनात वाचू नका, म्हणा. हंस आईबद्दल सांगतो तो श्लोक शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे. एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबायचं, मग उरलेली ७. अवघड वाटतंय? पण ही चाल तुम्हाला येते. लग्नात ‘स्वस्ति श्री गणनायको’ने सुरू होणारी मंगलाष्टकं याच वृत्तात असतात. त्या चालीवर हंसाचा श्लोक म्हणून बघा, लगेच बसतो. अक्षता टाकताना ऐकलेल्या चालीत मुठीतल्या पाखराचं गाऱ्हाणं ऐकताना जीव जरा चरकतो. आणि मग आठवतं, याच पाखराच्या सुटकेतून पुढे एक लग्न जमणार आहे.

तिसरी गोष्ट, उताऱ्याशी थांबू नका. हंस परत येतो तिथवर तरी वाचा.

आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पूर्ण काव्य तिच्या हातात कधी आलं नाही. तिच्यासाठी हंस सुटला आणि उडून गेला, एवढंच. तो परत आला, हे तिला सांगायचं राहून गेलं. तुमच्या घरात हे श्लोक अजून पाठ असलेलं कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा. त्यांना म्हणू द्या. त्या थांबल्या की पुढची गोष्ट तुम्ही सांगा.